एकच लन (स्टोरेजमधून कापलेली एक डिस्क) दिलाय, मग सर्व्हरवर चार डिस्क का दिसतायत?

मरोळ_सर्व्हररूम:
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. अंधेरीच्या ऑफिसात नवीन स्टोरेज बॉक्स आलाय, आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत), दोन कंट्रोलर, प्रत्येकाला दोन पोर्ट. 2 टीबीचा एक लन काढून रेड हॅट 9 वाल्या सर्व्हरला मॅप केला. इनिशिएटरचं (डिस्क मागणाऱ्या सर्व्हरचं) नाव बॉक्सवर टाकलं, डिस्कव्हरी झाली, लॉगिन झालं, पण एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशा चार डिस्क, चारही 2 टीबीच्या! बॉक्सवर परत बघितलं, लन एकच. मग एसडीबीवर एक्सएफएस फाइलसिस्टीम करून माउंट केली, चालली, एसडीसी माउंट करायला गेलो तर नाही झाली, लॉगमध्ये डुप्लिकेट यूयूआयडी (फाइलसिस्टीमची ओळख). काल रात्री रीबूट केला तर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये गेला, एफएसटॅबमधली (बूट होताना काय माउंट करायचं त्याची फाइल) एसडीबीची ओळ काढली तेव्हा कुठे वर आला. शनिवारी रात्री हिशेबाचा डेटाबेस यावर हलवायचाय, काय चुकलं?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
डिस्क एकच आहे रे, रस्ते चार आहेत. मरोळ नाक्याला मेट्रोने ये नाहीतर बसने, नाका तोच ना? सर्व्हरला प्रत्येक रस्त्याच्या टोकाला वेगळी डिस्क दिसते कारण मल्टिपाथ (हे सगळे रस्ते एका डिस्कखाली जोडणारं सॉफ्टवेअर) चालूच नाहीये. चारही डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कची कायमची ओळख) काढून बघ, एकच येईल.

फॉरमॅट परत करायची गरज नाही, डेटा आहे तसा राहील. आधी एसडीबी अनमाउंट कर, हे विसरू नको, माउंट असलेली डिस्क मल्टिपाथ ताब्यात घेत नाही. मग डिव्हाइस मॅपर मल्टिपाथचं पॅकेज टाक, एमपाथकॉन्फ एनेबल कर, मल्टिपाथडी सुरू कर आणि मल्टिपाथ एलएल ही कमांड मार. एका नावाखाली चार ओळी दिसल्या पाहिजेत. इथून पुढे एसडीबी हे नाव कुठेच वापरायचं नाही, रीबूटनंतर तेच नाव सर्व्हरच्या आतल्या डिस्कला लागू शकतं आणि तू कोणावर एमकेएफएस (फॉरमॅटची कमांड) मारतोयस ते तुलाच कळणार नाही. मल्टिपाथच्या फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीला स्वतःचं नाव दे, हिशेब_डेटा वगैरे.

इमर्जन्सी मोडचं कारण वेगळं. एफएसटॅबमध्ये अंडरस्कोर नेटडेव्ह (ही डिस्क नेटवर्कवरची आहे असं सांगणारा पर्याय) टाकलं नसशील. मग बूट होताना सर्व्हर नेटवर्कच्या आधीच ती डिस्क शोधतो, 90 सेकंद वाट बघतो आणि बसतो.

ठाणे_डीबीए:
यात माझी एक भर. तोच लन दुसऱ्या सर्व्हरलाही मॅप करून दोन्हीकडे माउंट करायचा विचार असेल तर कृपा करून करू नका. एक्सएफएस आणि ईएक्सटी4 दोघांनाही कळत नाही की पलीकडून दुसरं कोणी लिहितंय, आमच्याकडे स्टँडबाय सर्व्हरवर कोणीतरी "फक्त बघायला" म्हणून माउंट केला होता आणि पहाटे 3 वाजता मी बॅकअप रिस्टोर करत बसले होते. दोन्हीकडे एकाच वेळी हवाच असेल तर जीएफएस2 सारखी क्लस्टरची फाइलसिस्टीम लागते. आणि सर्व्हर क्लोन करून बनवला असेल तर इनिशिएटरचं नाव बदला, दोघांचं नाव सारखं राहिलं तर बॉक्स दोघांना एकच समजतो.

मरोळ_सर्व्हररूम:
खूप आभार दोघांचे! दुसरा सर्व्हर नाहीये ताई, पण हे टीमला सांगून ठेवलं. आता एलएलमध्ये एकच डिस्क आणि खाली चार ओळी आल्या, रीबूटही नीट झाला. पण दोन ओळींच्या गटावर प्रायो (प्राधान्य) 50 आणि दुसऱ्या दोनवर प्रायो 10 आहे, हे बरोबर की काही बिघडलंय?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
बरोबर आहे. लन ज्या कंट्रोलरकडे आहे त्याचे दोन रस्ते 50, दुसऱ्या कंट्रोलरचे 10, ते पहिले दोन पडले की कामाला येतात. आता शनिवारच्या आधी एक काम कर, मोठी फाइल कॉपी करायला लाव आणि खरोखर केबल उपट, कमांडने पोर्ट बंद करून नाही, हाताने. कॉपी थोडी थांबून पुढे गेली पाहिजे. दोन मिनिटं गोठली तर आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (पडलेला रस्ता परत येण्याची वाट बघायची वेळ) बघ, डिफॉल्ट 120 सेकंद असतो, मल्टिपाथ असताना 5 पुरतो. आणि जंबो फ्रेम (नेहमीच्या 1500 बाइटपेक्षा मोठी पॅकेट) लावल्या असतील तर 8972 बाइटचा पिंग, तुकडे न करता, चारही पोर्टला मार. मधल्या स्विचचा एक पोर्ट 1500 वर राहिला की लॉगिन होतं, डिस्क दिसते, आणि मोठं काही लिहायला घेतलं की लटकतं, आमचा एक आख्खा रविवार त्यात गेला.

मरोळ_सर्व्हररूम:
केबल उपटली, कॉपी सात-आठ सेकंद थांबली आणि चालू झाली. पिंग तीन पोर्टला गेला, चौथ्याला नाही. स्विचवाल्याला फोन लावतोय.