बी.एस्सी. असूनही मी फक्त पेपर एक देणार. चुकतंय का?

सुरंगी
लांजा तालुक्यात वाडीवर राहते. बी.एस्सी. झाले (रसायन), मग डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्वीचं डी.एड.) केलं. आता टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अर्ज भरायचाय आणि घरात रोज त्यावरून जुंपते. मी पेपर एक देणार, पहिली ते पाचवीचा. पेपर दोन, म्हणजे सहावी ते आठवीचा, भरायचाच नाही असं ठरवलंय. बाबा म्हणतात, पदवी काय माळ्यावर टाकायला घेतलीस?

दोन वर्षं मी आमच्या वाडीच्या शाळेत शिकवलंय. गुरुजी एकच, त्यांचे निम्मे दिवस मीटिंगा आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जायचे. म्हणून वाडीतल्या मुंबईला असलेल्या लोकांच्या मंडळाने वर्गणी काढून मला महिना पाच हजारांवर ठेवलं. पट १४, खोली एक, इयत्ता पाच. पहिलीतला एक पोरगा ३ काढायला सांगितलं की ६ काढायचा आणि ६ सांगितला की ३. पाटीवर गिरवून हात दुखले त्याचे. शेवटी पावसात ओसरीसमोरच्या ओल्या मातीत बोटाने काढून घेतलं. जेवायचा हात कुठला? मग ३ चं पोट जेवायच्या हाताकडे, ६ चं दुसरीकडे. आठ-नऊ दिवस गेले. एक दिवस त्याने ३ उलटा काढला, थांबला, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, पुसला आणि नीट काढला. मला कोणी विचारलं, तुला काय शिकवायला आवडतं, तर हे. आठवीला रासायनिक बंध शिकवताना मला असं काही होत नाही. सराव पाठात घेऊन बघितलंय.

पऱ्यापल्याड
ताई, ३ आणि ६ ची गोष्ट वाचून बरं वाटलं, पण मत पटलं नाही. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत दोन वर्षं गणित-विज्ञानाला माणूस नाही. आधी होते ते घाटावरचे, चांगले होते, आंतरजिल्हा बदली मिळाली आणि गेले. आता भाषेच्या बाई त्रैराशिक शिकवतात. त्या प्रामाणिकपणे म्हणतात, मलाच घरी जाऊन आधी सोडवावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा असं लिहिलंय. लिहिलेलं तिथेच राहिलं. कोकण बोर्ड २०१२ पासून दहावीत राज्यात पहिलं म्हणून आपण पेढे वाटतो, आणि इकडे सहावीतली पोरं गणितासाठी तालुक्याला खोली घेऊन राहतात. इथलीच, कुठे बदली न मागणारी बी.एस्सी. मुलगी पेपर दोनला नाही म्हणते, तर आम्ही कोणाकडे बघायचं? आवड ठीक आहे हो. पण गरजही आवडीएवढीच धरा की.

खाडीवरचा
पऱ्यापल्याडदादा, तुमची तळमळ कळते, पण नोकरी तळमळीवर मिळत नाही. माझं मत सुरंगीताईंच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बी.एड.वाले पहिली ते पाचवीला चालणार नाहीत. म्हणजे पेपर एकच्या दाराशी आता फक्त डी.एड., डी.एल.एड.वाले. पेपर दोनला मात्र पदवी असलेले डी.एड.वाले आणि बी.एड.वाले, दोघेही. ज्या दाराशी गर्दी कमी, तिथून आत जावं.

दुसरं म्हणजे, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवायचे, निकष बदलले. वीसच्या आत पट असलेल्या वर्गांवरची पदं धोक्यात आहेत. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, सहावी-सातवी-आठवी मिळून पंधरा पोरं असली तरी शाळा भरलेली वाटते. तिथे पद मिळून पुढे अतिरिक्त ठरलात, तर काय करणार?

पऱ्यापल्याड
आणि पहिली ते पाचवीचा पट काय वाढतोय? ताई स्वतःच १४ सांगतायत. पट दोन्हीकडे गळतोय, मग गर्दीचं काय घेऊन बसलात? पोरं मुळात गाव का सोडतात? सहावीला शिकवणारं कोणी नाही म्हणून. एक घर सहावीसाठी गेलं की धाकटं पोरगंही दुसरीतून नाव काढून त्यांच्याबरोबर जातं. मग ताईंचा पट १४ चा १२.

वस्तीची गाडी
भांडण कशाला? दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात, सकाळी पहिला, दुपारी दुसरा. दोन्ही भरा.

हिशेब बघा. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर दोनमध्ये बालमानसशास्त्र ३०, मराठी ३०, इंग्रजी ३०. हे नव्वद पेपर एकलाही असतातच, पातळी थोडी वेगळी. उरले ६०, तिथे एकतर गणित-विज्ञान नाहीतर सामाजिक शास्त्र. खुल्या गटाला पास व्हायला ९० लागतात. पहिल्या तीन विभागांत ६५ काढलेत की साठापैकी २५ पुरतात. बी.एस्सी.ला पंचवीस जड आहेत का? आणि टीईटीचे जास्तीचे गुण पुढे उपयोगाचे नाहीत, गुणवत्ता यादी टेटच्या, म्हणजे भरतीसाठीच्या वेगळ्या अभियोग्यता चाचणीच्या, २०० गुणांवर लागते. टीईटी म्हणजे नुसतं गेटपास. माझ्याकडे दोन्ही गेटपास आहेत.

सुरंगी
हिशेब बरोबर आहे दादा. पण गेटपास घेतला की घरचे आत ढकलणारच. पवित्र पोर्टलवर (शिक्षकभरतीच्या सरकारी साइटवर) प्राधान्यक्रम भरताना शेजारी बाबा बसलेले असणार. माझी भीती ती आहे. परीक्षेची नाही.

वस्तीची गाडी
मग भीती बाबांची आहे, पेपर दोनची नाही. धाग्याचं नाव बदला.

सुरंगी
😄 हे बाबांना दाखवू का?

आबोली
मधेच एक सांगते, नवीन अर्ज भरणाऱ्यांसाठी. पेपर दोन भरलात तर गट, गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. मी बी.एस्सी. आहे. अर्ज आमच्याकडच्या एका सायबर कॅफेत भरला, दुकानात गणपतीच्या तिकिटांची गर्दी. पोराने पटापट टिचक्या मारल्या आणि सामाजिक शास्त्र निवडलं. मी प्रिंट पाकिटात घालून घरी आले. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपुस्तिका उघडते तर राष्ट्रकूट आणि हवामानाचे पट्टे! गंमत म्हणजे पास झाले. पण गणित-विज्ञानाच्या जागेला त्याच गटाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ते कागदपत्र आता फायलीत शोभेला आहे. कोणी म्हणेल सामाजिक शास्त्र सोपं, पाठ करा आणि या, तर ऐकू नका. आपली पदवी ज्या विषयाची, गट तोच घ्या. निवडीचा वाव खरा असेल तर तो भाषावाल्यांना.

गुरुजी मंडणगडकर
तुम्हा पोरांना निवड तरी आहे. मी २४ वर्षं नोकरीत, वय ४९. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने आमच्यासारख्या जुन्यांनाही टीईटी सक्तीची झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. आम्ही शिकवतो त्याच मुलांच्या वयाची पोरं आम्हाला ओएमआर शीट कशी रंगवायची ते शिकवतायत. रागावत नाही, शिकतो.

सुरंगीबाय, तुला एक विचारतो. तुझा तो ३ आणि ६ वाला पोरगा आता कितवीत?

सुरंगी
तिसरीत, सर.

गुरुजी मंडणगडकर
म्हणजे तीन वर्षांनी सहावीत. पऱ्यापल्याड म्हणतात ती शाळा त्याचीच असणार. मी पहिलीपासून पोरं वर चढवली आणि सहावीच्या दाराशी सोडून परत आलो, चोवीस वर्षं. पाचवीपर्यंत ज्यांचं गणित पक्कं करून दिलं, त्यांतली काही आठवीत गणिताला घाबरणारी झाली. पण खाली कोणी पक्कं केलं नसतं तर वरच्या शिक्षकाने काय केलं असतं, हेही खरं. मला उत्तर नाही सापडलं.

पऱ्यापल्याड
गुरुजी, उत्तर तुम्हीच दिलंत की. ताईंनी दोन्ही भरावेत.

खाडीवरचा
गुरुजींनी उत्तर नाही सापडलं म्हटलंय दादा, नीट वाचा.

सुरंगी
सर, काल रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही. अर्जात पेपर दोन टाकला, गट गणित-विज्ञान, आबोलीताई, दोनदा बघितलं. पण पसंतीक्रम मी मला हवा तसाच भरणार, वर पहिली ते पाचवी. पऱ्यापल्याडदादा, रागावू नका.

पऱ्यापल्याड
रागावत नाही. वाट बघतो.

गुरुजी मंडणगडकर
मी पेपर एकच देतोय. परिसर अभ्यास जमेल, इंग्रजीचे तीस छळणार. बाय, तुझ्याकडे इंग्रजीची काही टिपणं आहेत का? हाताने लिहिलेली असतील तर उत्तम, मोबाईलवर वाचून डोळे जातात.

सुरंगी
आहेत सर, दोनशे पानी वही आहे. झेरॉक्स काढून बुधवारी लांज्याहून कंडक्टरकडे देते. कुठल्या स्टँडवर घ्याल तेवढं कळवा.