अनुभव धागा : यंदा किती वाचली आणि किती वाचली?

बलकांवकार
काल मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट उघडलं आणि तो दमट वास आला. कुठला ते गोव्यात वाढलेल्यांना सांगायला नको. नाताळच्या सुट्टीत घरातल्या पोथ्या बाहेर निघायच्या, ते एकदम आठवलं. किती पुस्तकं वाचली हे वर्षअखेरीला सगळेच सांगतात. चार महिन्यांच्या पावसातून किती वाचली, तेही सांगा.

माझी पद्धत अशी. वहीत पाच रकाने : सुरू, संपलं, पानं, कुणाला दिलं आणि शेवटचा 'प्रकृती'. प्रकृतीत एकच अक्षर. ब बुरशी, क कसर (कागद खाणारा किडा), व वाळवी, ठ ठणठणीत. अर्धवट सुटलेल्याचा पान क्रमांक पेन्सिलीने, कारण तो पुढे सरकू शकतो. लागोपाठ तीन पुस्तकं पन्नासाव्या पानाच्या आत सुटली तर चष्म्याचा नंबर तपासा, लेखकांना बोल लावू नका.

सावलीतला
पुस्तकं उन्हात घालू नका हो!! कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा बाहेरून आधी सुकून वाकतो. बलकांवातच (घरापुढच्या ओट्यावर), वाऱ्याला, ११ ते ४. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी सुटी. दव पडायच्या आत परत आत.

शाईचा_डाग
धूळ झाडताना पुस्तक घट्ट मिटलेलं धरा. ब्रश कण्याकडून बाहेरच्या कडेकडे. उघडं धरून झाडलं की सगळी धूळ शिवणीत जाऊन बसते, आणि कसरीला तिथली पिठाची खळ हवीच असते.

म्हापशेकरीण
बुरशी ओल्या फडक्याने पुसणारे इथे किती जण आहेत? हात वर करा. ओली असताना पुसली की ती कागदात चोळली जाते. आधी पुस्तक पूर्ण सुकू द्या. डाग पावडरीसारखा कोरडा झाला की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून ब्रशने झाडा. तो ब्रश दुसऱ्या पुस्तकांना नको. आणि कपाटातली हवा ६५ टक्क्यांच्या वर दमट राहिली तर ती परत येणारच. आकडा दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, आत ठेवून द्या.

बल्बवाला
आमच्याकडे जुना उपाय. लाकडी कपाटाच्या तळाला १५ वॉटचा पिवळा बल्ब, वर-खाली हवेला भोकं. पुस्तकांपासून वीतभर लांब आणि भोवती जाळी, नाहीतर आग. एलईडी लावून उपयोग नाही, ऊब येत नाही.

म्हापशेकरीण
उजेडात कसर मात्र वाचायला बसेल 😄

चिरेबंदी
कपाट भिंतीला टेकवलंय का ते आधी बघा. चिऱ्याची भिंत पाणी ओढते. चार बोटं जागा सोडा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. त्या फटीत महिन्यातून एकदा टॉर्च मारा. मातीची बारीक नळी वर चढताना दिसली की वाळवी आली. नुसती नळी मोडून भागत नाही, ती दुसरीकडून येते. जमिनीतच औषध घालायला लागतं.

सावलीतला
डांबराच्या गोळ्या कोण ठेवतं अजून?

खाजेंप्रेमी
आम्ही. वास आवडतो.

सावलीतला
तो वास म्हणजे विष, भाऊ. बंद खोलीत लहान मुलं असतील तर नकोच. वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, वर्षाला बदला. पोथ्यांना तेच असायचं. त्याने किडा मरत नाही, फार तर लांब राहतो.

खाजेंप्रेमी
बरं. जत्रेचं खाजें कुणी आणलं का यंदा? आल्याचं.

शाईचा_डाग
खाजें पुस्तकाशेजारी ठेवू नकोस एवढंच. गुळाला मुंग्या.

राशोलकडचा
थोडं विषयांतर. भारतातला पहिला छापखाना १५५६ ला आपल्याकडे जुन्या गोव्यात आला. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण दक्षिण गोव्यातल्या राशोलला १६१६ मध्ये छापलं, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. तिन्हींची छापील प्रत उरली नाही, ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. सगळा दोष पावसाचा नाही, पण 'प्रकृती'चा रकाना वाचून हे आठवलं.

म्हापशेकरीण
👏 आता कुणी खळीचं सांगा. माझ्या दोन पुस्तकांची पुठ्ठी सुटलीयेत.

शाईचा_डाग
१ भाग मैदा, ५ भाग पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर, पारदर्शक होईपर्यंत ढवळत. गार झाल्यावर गाळा. पातळ थर द्या, मेणकागद मध्ये घाला, वजनाखाली रात्रभर. जाड थर दिला की पान सुरकुततं. चिकटपट्टी अजिबात नको, काही वर्षांनी ती सुटते आणि तपकिरी डाग मागे राहतो.

बल्बवाला
चिमूटभर मोरचूद राहिलं. त्याशिवाय खळ कसरीचं जेवण.

शाईचा_डाग
मोरचुदातलं तांबं कागद ठिसूळ करतं, काका. शिवाय विषारी, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. लागेल तेवढीच खळ करा, उरलेली फेका.

चिरेबंदी
पुस्तकात जिवंत किडा असेल तर फ्रीजर. दोन प्लास्टिक पिशव्या, हवा काढून घट्ट बंद. घरच्या उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. बुरशी याने मरत नाही, नुसती झोपते.

खाजेंप्रेमी
फ्रीजरातल्या बांगड्यांशेजारी?

चिरेबंदी
वेगळा कप्पा असला तर बरं.

बलकांवकार
वही पुरी केली. ३१ वाचली, २ सुटली, ४ ब, १ क. आणि चिरेबंदी, 'कुणाला दिलं'मध्ये जुलैपासून तुमचंच नाव आहे.

चिरेबंदी
फ्रीजरात आहे. अजून नऊ दिवस.