एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, काय काय लागतं?

चोपडा तालुक्यातील पालक: मुलगी आठवीत, अनुदानित शाळेत. घरी दोन एकर कापूस. सर म्हणाले, फॉर्म भरा. काय लागतं, आणि पैसे किती मिळतात?

अमळनेरहून एक आई: भाऊ, नक्की भरा. सातवीत 55 टक्के हवेत, एससी-एसटीला 50. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, त्यासाठी तहसीलदारांचा दाखला. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. माझा मुलगा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून घड्याळ लावून सोडवायचा. आकृत्यांवर फार अडायचा, शेवटी त्याच जमल्या.

यावलचा पालक: नाव आत्ताच तपासा! आमच्या पोराचं आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरात दुसरं. ते निस्तरण्यात केळीची कटाई सोडून चार चकरा झाल्या. बँक खातं मुलीच्याच नावावर हवं, आधार जोडलेलं. आणि निवड झाल्यावर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते विसरू नका.

चोपडा तालुक्यातील पालक: आधारवर वडिलांचं नावच चुकलंय. उद्याच सेवा केंद्रात जातो.