अ‍ॅरेवरचे स्नॅपशॉट बॅकअप सॉफ्टवेअरच्या ताब्यात द्यावेत का?

ऐरोलीकर (धागा सुरू)

आमच्याकडे यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो. अ‍ॅरे म्हणजे सर्व्हरचा डेटा ठेवणारी डिस्कची पेटी, आमची नेटअ‍ॅप कंपनीची; स्नॅपशॉट म्हणजे तिच्यातला डेटा एका क्षणी जसा होता तशी धरलेली स्थिती. बॅकअप टीमचं म्हणणं असं की नेटअ‍ॅपवरची स्नॅपशॉटची शेड्यूल काढून टाका आणि सगळं व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरमधून चालू द्या. स्नॅपशॉट तेच घेईल, तेच ठेवील, मुदत संपली की तेच पुसेल. स्टोरेज मी सांभाळतो आणि माझा याला ठाम विरोध आहे.

कारण एकच आहे. हे करायचं तर बॅकअप सर्व्हरवर अ‍ॅरेचा पासवर्ड ठेवावा लागतो आणि त्या खात्याला स्नॅपशॉट पुसायचा अधिकार द्यावा लागतो. रॅन्समवेअरवाले (डेटा अडकवून खंडणी मागणारे) आत शिरले की आधी बॅकअप सर्व्हरच शोधतात. मार्च २०२३ मध्ये व्हीममधली सीव्हीई-२०२३-२७५३२ ही त्रुटी जाहीर झाली. पोर्ट ९४०१ पर्यंत पोचता आलं की लॉगिन न करता कॉन्फिगरेशन डेटाबेसमधले साठवलेले पासवर्ड काढता येत होते. पॅच लगेच आला होता, पण ज्यांनी तो लावला नाही त्यांच्यावर हल्ले झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक निघाली, सीव्हीई-२०२४-४०७११, आणि तिच्यातून तर थेट सर्व्हरवर कोड चालवता येत होता. बॅकअप गेला तर अ‍ॅरेवरचे स्नॅपशॉट हा माझा शेवटचा आधार. त्याची किल्ली मी त्याच सर्व्हरवर का ठेवू?

रात्रपाळी

दादा, भीती खरी आहे. पण दोन शेड्यूल शेजारी शेजारी चालली की काय होतं ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या नोकरीत अ‍ॅरेवर स्टोरेजवाल्यांचे तासातासाचे स्नॅपशॉट होते आणि रात्री बॅकअप सॉफ्टवेअर आपले वेगळे घ्यायचं. एका रात्री बॅकअप प्रॉक्सी (बॅकअपचा डेटा वाहून नेणारा सर्व्हर) मध्येच बंद पडला. त्याने स्नॅपशॉटवरून केलेला क्लोन (त्याच ब्लॉकवर उभी केलेली, लिहिता येणारी प्रत) तसाच राहून गेला. क्लोन आहे तोवर मूळ स्नॅपशॉट ‘बिझी’ असतो, पुसता येत नाही. स्टोरेजवाल्यांनी नाव बघितलं, हा बॅकअपवाल्यांचा म्हणून हात लावला नाही. आमच्या कन्सोलवर दुसऱ्या दिवशी जॉब पुन्हा हिरवा झाला, म्हणून आम्हीही बघितलं नाही.

पुढे महिनाअखेरीचा बॅच चालला. डेटा भराभर बदलत गेला आणि बदललेला प्रत्येक जुना ब्लॉक त्या एका स्नॅपशॉटने धरून ठेवला. व्हॉल्यूम (अ‍ॅरेवरचा डेटाचा कप्पा) ९४ टक्के, ९७ टक्के, मग भरलाच. थिन लन (लागेल तशी जागा घेणारी आभासी डिस्क) ऑफलाइन गेला, ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) बसलं. रात्री अडीच वाजता मी एका कानाला फोन लावून स्नॅपशॉटची यादी वर-खाली करत होतो. शंभराच्या वर नावं, कुठला कुणाचा आणि कुठला पुसला तर चालेल हे सांगणारं कुणी नाही. सकाळी पगाराची फाईल बँकेत जायची होती.

घेणारा, ठेवणारा आणि पुसणारा एकच असता तर ही वेळ आली नसती.

ऐरोलीकर

तो क्लोन सॉफ्टवेअरनेच मागे सोडला होता ना? मग सगळे स्नॅपशॉट त्याच्याकडे देऊन असे आणखी वाढणार नाहीत का?

रात्रपाळी

असे आणखी मागे राहू शकतात. पण तेव्हा जबाबदार कोण हे माहीत असेल. त्या रात्री ते कुणालाच माहीत नव्हतं.

डीबीए ताई

पासवर्डवरून भांडण चाललंय, तर डेटाबेसच्या बाजूनेही थोडं ऐका. आमच्या ओरॅकलच्या डेटा फाइल एका व्हॉल्यूमवर आहेत, रीडो लॉग (झालेल्या बदलांची नोंद) दुसऱ्यावर. अ‍ॅरेचं शेड्यूल दोन्हींवर दर तासाचं आहे, पण दोन्ही स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असतील याची हमी नाही. वीज गेली तर डेटाबेस स्वतःला सावरतो, कारण तेव्हा सगळ्या फाइल एकाच क्षणी थांबलेल्या असतात. डेटा आधीचा आणि लॉग नंतरचा, किंवा उलट, असे तुकडे समोर ठेवले तर तो उठेल की नाही हे मी छातीठोक सांगणार नाही. कन्सिस्टन्सी ग्रुप (सगळ्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घेणारा गट) करा म्हणून दोनदा मेल केला होता.

बॅकअप सॉफ्टवेअर निदान डेटाबेसला विचारून स्नॅपशॉट घेतं. विंडोजवर व्हीएसएस (स्नॅपशॉटसाठी प्रोग्रॅमना थांबवणारी सेवा) लिखाण फार तर १० सेकंद रोखून धरतो, आणि अ‍ॅरेवरच्या स्नॅपशॉटला तेवढा वेळ पुरतो. व्हीएमवेअरवर (व्हीएम म्हणजे आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) तर फायदा जास्तच. नाहीतर बॅकअप उतरेपर्यंत व्हीएमचा स्नॅपशॉट तासन् तास उघडा राहतो आणि शेवटी डेल्टा (मधल्या वेळेतले बदल) मूळ डिस्कमध्ये मिसळताना सर्व्हर गचका खातो. अ‍ॅरेवर स्नॅपशॉट घेतला की व्हीएमचा लगेच बंद करता येतो. महिनाअखेरीला हा फरक मला युजरच्या फोनवरून कळतो.

पोस्टग्रेसवाला

ताई, सगळं एकाच व्हॉल्यूमवर किंवा एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये असेल तर डेटाबेसला न विचारता घेतलेला स्नॅपशॉटही चालतो. वॉल फाइल (पोस्टग्रेसमधली बदलांची नोंद) त्यासाठीच असते. आम्ही दर महिन्याला असा स्नॅपशॉट उभा करून बघतो. मांडणी नीट करा. किल्ली देणं हा त्यावरचा उपाय नाही.

जुना टेपवाला

तुम्ही सगळे एकाच पेटीवरून भांडताय. स्नॅपशॉट व्हीमने घेतला काय नि अ‍ॅरेने घेतला काय, मूळ ब्लॉक त्याच डिस्कवर. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटरीमुळे आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइल ठेवणारी जी-ड्राइव्ह होती, ८५८ टेराबाइटची. आकार मोठा म्हणून तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. सगळं गेलं. त्याआधी १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्त्रासबुर्गला ओव्हीएचची आख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता.

आधी दुसऱ्या शहरात प्रत न्या. मग स्नॅपशॉट कुणाचा ते ठरवा.

रात्रपाळी

नाना, प्रत बाहेर जातेच. पण कुणी दुपारी फोल्डर उडवला तर मी टेप मागवत नाही, स्नॅपशॉटमधून पाच मिनिटांत परत देतो. रोजचं काम त्यावर चालतं, म्हणून तो कुणाच्या हातात आहे याने फरक पडतो.

ऐरोलीकर दादा, मधला रस्ता आहे. आम्हाला अ‍ॅडमिन खातं नकोच. ओन्टॅपमध्ये (नेटअ‍ॅपची प्रणाली) एकाच एसव्हीएमपुरता (अ‍ॅरेतला वेगळा आभासी भाग) रोल करता येतो, त्यात कमांडनिहाय अधिकार देता येतात. ९.११.१ आवृत्तीपासून पुसण्याला दुसऱ्या अ‍ॅडमिनची मंजुरी लावता येते आणि ९.१२.१ पासून स्नॅपशॉटला मुदतीचं कुलूप. प्युअर कंपनीच्या अ‍ॅरेवर अशाच कामासाठी सेफमोड आहे. आत शिरलेला माणूस आमचा पासवर्ड घेऊन काय करणार?

ऐरोलीकर

कुलपाचं मीही बघितलंय, आणि तिथेच अडलोय. तुमच्या त्या रात्रीचा स्नॅपशॉट कुलूपबंद असता तर? क्लोन काढून टाकल्यावरही तो पुसता आला नसता. अ‍ॅग्रिगेटमध्ये (व्हॉल्यूमना जागा देणारा डिस्कचा साठा) जागा असेल तर व्हॉल्यूम वाढवायचा, नसेल तर मुदत संपायची वाट बघायची. म्हणून कुलूप लावायचं तर आधी रोज किती डेटा बदलतो ते मोजावं लागेल, महिनाअखेरीचे दिवस धरून. आणि दुसऱ्याची मंजुरी लावली तर मुदत संपलेले स्नॅपशॉट सॉफ्टवेअर आपोआप कसे पुसणार? रोज रात्री मंजुरी द्यायला कोण बसणार?

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. अ‍ॅरेने आपल्या शेड्यूलवर घेतलेले स्नॅपशॉटसुद्धा व्हीमला दिसतात, त्यातून फाइल किंवा व्हीएम परत काढता येतं. म्हणजे रिस्टोअरसाठी शेड्यूल हातात देण्याची गरजच नाही.

डीबीए ताई

दिसतात, पण ते डेटाबेसला न विचारता घेतलेले. माझा मुद्दा तिथेच राहिला.

ऐरोलीकर

ताई, तुमचं पटलं. मेल राहिला ही माझी चूक. ओरॅकलचे दोन्ही व्हॉल्यूम या शनिवारी कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घेतो, उठतो का ते तुमच्यासमोर क्लोन उभा करून बघू. डेटाबेसच्या व्हीएमचे रात्रीचे स्नॅपशॉट व्हीमने घ्यावेत, त्यांच्यापुरता वेगळा एसव्हीएम आणि वेगळा रोल देतो. पुसायचा अधिकार तेवढ्यापुरताच. तासातासाची शेड्यूल मात्र अ‍ॅरेवर राहतील आणि त्यांना बॅकअप सर्व्हरवरचं कुठलंही खातं हात लावू शकणार नाही. यावर मी मागे हटणार नाही.

रात्रपाळी

म्हणजे शेड्यूल दोनच राहिली. पुन्हा क्लोन अडकला तर?

ऐरोलीकर

रोज सकाळी आठला ‘बिझी’ स्नॅपशॉटची यादी दोन्ही टीमला मेलने जाईल. २४ तासांपेक्षा जुना एक जरी दिसला तरी कॉल माझ्या नंबरवर, नाव कुणाचंही असो.

रात्रपाळी

व्हॉल्यूम ८५ टक्क्यांवर गेला की त्याचाही कॉल लावा. आमच्याकडे अलर्ट ९५ वर होता, तेव्हा हातात चाळीस मिनिटं उरली होती.