मदत हवी आहे: दोन प्लॉटवरचा क्लोरीनचा साठा एकत्र धरून कळवावा लागतो का?

नमस्कार. रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत क्लोरिनेटेड पॅराफिन तयार करणाऱ्या कारखान्यात मी सुरक्षेचे काम पाहतो. आमच्या मालकांचे दोन प्लॉट आहेत. मध्ये वसाहतीचा रस्ता आणि दुसऱ्या कोणाच्या दोन शेड एवढेच काय ते आहे, म्हणजे अंतर दोनशे मीटरही भरणार नाही. एका टनरमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, 900 किलो द्रवरूप क्लोरीन असतो आणि प्रत्येक प्लॉटच्या पेसो (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) परवान्यात आठ टनरची मुभा आहे.

धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीच्या 1989 च्या नियमांत क्लोरीनसाठी 10 टनांची मर्यादा आहे. तेवढा साठा झाला की काम सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी जागेची माहिती लेखी कळवावी लागते आणि कारखान्याचा आपत्कालीन आराखडाही करावा लागतो. 25 टनांपासून सुरक्षा अहवाल लागतो. आमच्या एका प्लॉटचा हिशेब 7.2 टन होतो, दोन्ही मिळून 14.4 टन.

आमच्या सल्लागारांचे म्हणणे असे, की कारखान्यांचे परवाने वेगळे असल्याने प्लॉटही वेगळेच धरायचे, आणि एकत्र धरले तरी प्रत्यक्षात पाच-पाच टनरच असतात, म्हणजे 9 टन. मला हे पटत नाही. एकाच भोगवटादाराच्या (कारखान्याचा कारभार ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या) जागांमधील अंतर 500 मीटरपेक्षा कमी असेल तर साठा एकत्र मोजावा, असे या नियमांच्या परिशिष्टाच्या टिपेतच आहे. आणि जागेची माहिती ज्यानुसार कळवायची त्या परिशिष्ट 7 मध्ये आजचा साठा विचारलेला नसून जागेवर जास्तीत जास्त किती असू शकतो ते विचारले आहे. शिवाय दिवाळीच्या सुट्टीआधी टनर जादा मागवले जातात, हे गेटवरच्या नोंदवहीतही दिसते.

ज्यांनी अशी प्रकरणे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे हाताळली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: भोगवटादार एकच, पण कारखान्यांचे परवाने दोन असतील, तर सूचना (म्हणजे जागेची ती लेखी माहिती) एक द्यायची की दोन, आणि आराखडा दोन्ही प्लॉटचा मिळून चालतो का? पेसोकडून परवानाच पाच-पाच टनरपर्यंत कमी करून घेतला, तर आम्ही खरोखर मर्यादेबाहेर पडतो, की परत पाठवायच्या टनरमध्ये उरलेला वायूही मोजला जातो? दुसरा प्लॉट आधीच चालू असल्याने तीन महिन्यांची अट आता पाळता येणार नाही. अशा वेळी आधी सूचना दाखल करावी, की प्रथम कार्यालयात भेटून विचारावे?

मालकांना पत्र द्यायचे आहे, पण घाई केवळ त्यासाठी नाही. मागच्या भिंतीला लागून कामगारांची चाळ आहे. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असल्याने गळती झाली तर वायू जमिनीलगत पसरत तिकडेच जाईल. टनरच्या व्हॉल्व्हजवळ अमोनियाचा बोळा धरून पांढरा धूर येतो का, म्हणजे गळती आहे का, ते आम्ही रोज पाहतो, परंतु चाळीतल्या लोकांनी कोणत्या बाजूला निघायचे हे त्यांना आजवर कोणीही सांगितलेले नाही. शेजाऱ्यांना ही माहिती देणे याच नियमांत बंधनकारक आहे आणि आम्ही कागदावर मर्यादेखाली राहिलो, तर ती कधीच दिली जाणार नाही. प्रत्यक्ष दाखल केलेल्या सूचनेचा नमुना कोणी नावे झाकून दाखवू शकल्यास फार उपकार होतील.