जुन्या स्प्लेंडरला कोणते टायर टाकावेत?

प्रश्न: अंबाजोगाईकर
माझ्याकडे 2003 सालची हिरो होंडा स्प्लेंडर असून दोन्ही चाकांना 2.75-18 मापाचे, ट्यूबचे टायर आहेत. रोजची ये-जा अंबाजोगाई ते लातूर अशी डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्याने होते. सुट्टीच्या दिवशी मात्र शेताकडे जाणारी काळ्या मातीची पाणंद असते. टायरची नक्षी अजून बरीच शिल्लक आहे, तरीही पावसात ब्रेक लावताच पुढचे चाक सरकते. मागे 3.00-18 चे बटण टायर (उंच, सुट्या ठोकळ्यांचे) टाकावे आणि जमल्यास दोन्ही चाके ट्यूबलेस करून घ्यावीत, असा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर: परभणीचा वाटसरू
नक्षी असूनही चाक सरकत असेल, तर रबर कडक झाले असावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि कचेरीबाहेर दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच वाळतात. बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी मोजत बसू नये. शिवाय नवे टायर मागे टाकून मागचे जुने पुढे लावण्याची जी पद्धत आहे, ती मला मुळीच पटत नाही. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि तेच चाक सुटले तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून हात आखडताच घ्यायचा असेल, तर तो पुढच्या टायरवर घेऊ नये.

उत्तर: लातूरचा मिस्त्री
आपल्या गाडीला स्पोकची रिम आहे, त्यामुळे ट्यूबलेसचा विचार सोडावा. प्रत्येक स्पोकच्या छिद्रातून हवा निघते. ट्यूबलेससाठी रिमच वेगळी लागते. मागे 3.00-18 बसते, परंतु अरुंद रिमवर रुंद टायर अधिक गोल होते आणि रुंदीचा अपेक्षित फायदा मिळत नाही. तरीही टाकायचेच असेल, तर चाक फिरवून चिमटा (मागचे चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि चेनकव्हर यांच्याशी टायर घासत नाही ना, हे आधी पाहावे. माझा सल्ला मूळ मापाचाच आहे: पुढे लांब उभ्या रेघांचे, मागे साध्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस या सगळ्यांचे हे माप मिळते. कंपनीपेक्षा तारीख पाहून घ्यावे, कारण कमी खपाच्या दुकानात माल वर्षानुवर्षे पडून असतो. बटण टायरचे फक्त उंचवटे सिमेंटला टेकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर पकड उलट कमी होते.

उत्तर: सेलूकर
पाणंदीसाठी बटण घेऊ नये, दादा. मुरुमावर आणि दगडगोट्यांत ते उपयोगी पडते. काळी माती मात्र बटणांच्या फटींत आणि मडगार्डखाली भरली की बटण काय आणि साधे काय, दोन्ही टायर सारखेच गुळगुळीत होतात. पाऊस झाला असेल, तर गाडी डांबरीवर लावून चालत जावे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. पुढच्या टायरवर 1215 असा आकडा निघाला आणि बाजूला भेगाही आहेत, तेव्हा ते बदलतोच. ट्यूब अजून चांगली आहे. तीच वापरली तर चालेल काय?

उत्तर: लातूरचा मिस्त्री
चालवू नये. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते आणि नेमकी तिथेच ती फाटते. स्पोकची टोके झाकणारी रिमपट्टीही त्याच वेळी नवी घालावी. टायरवर बाण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. हवा सकाळी टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरवर दिली असेल तेवढीच भरावी. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या चाकात जास्त लागते, आणि तो आकडाही तिथेच असतो. नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो, त्यामुळे सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये आणि ब्रेकही जपून लावावा.