मदत हवी आहे: मुलीचे जंत गोळीनंतरही परत येतात

आम्ही तासगावजवळ राहतो. मुलगी ५ वर्षांची, वजन १६ किलो. रात्री झोपली की शौचाच्या जागी प्रचंड खाज, रडत उठते. बॅटरी लावून पाहिलं तर दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत वळवळताना दिसले. ताप, उलटी, पोटदुखी नाही. जेवण ठीक आहे.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ दिली, १५ दिवसांनी दुसरी. तीन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शौचाची तपासणी केली, त्यात काहीच आलं नाही. या जंतांची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून तपासणीत बऱ्याचदा सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आजीचं वावडिंगाचं पाणीही देऊन झालं, फरक नाही. नखं कापलेली आहेत, पण बोटं तोंडात घालायची सवय काही केल्या सुटत नाही. पोरीची झोपच होत नाही, बघवत नाही.

आता घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या असं सांगितलंय. दोन डोस पुन्हा १५ दिवसांच्या अंतराने. अडचण अशी, की जाऊबाई तिसऱ्या महिन्यात गरोदर आहेत, त्यांना गोळी देणार नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारतोच आहोत. मुलगी त्यांच्याच जवळ झोपते.

कुणाच्या घरी एकाला गोळी न देता हे जंत पूर्ण गेलेत का? अंथरूण-पांघरूण, चड्ड्या, टॉवेल किती दिवस रोज गरम पाण्यात धुतले, आणि गाद्या-गोधड्यांचं काय केलंत?